मागच्या खोलीतला खोकला

विद्यार्थ्यांच्या चित्रपटांचा पहिला खेळ होता, सभागृह खच्चून भरलेलं. आई गेल्यापासून घराबाहेर न पडलेले बाबा लेकीच्या शब्दावर आले होते: “माझ्या फिल्ममध्ये आईचा खोकला ऐकू येतो.” शूटिंग घरीच झालं, तेव्हा आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. “दोन मिनिटं तोंडावर उशी धर ना!” लेक खेकसली होती. आता आईचा तेवढाच आवाज उरला होता. खोकल्याचा तो प्रसंग पडद्यावर आला. बाबांनी कानातल्या मशीनचा आवाज वाढवला. नायिकेने पत्र फाडलं, मागे चिडीचूप. ध्वनी सांभाळणारा मित्र लेकीच्या कानाशी कुजबुजला, “कुणीतरी सारखं खोकत होतं. सगळं साफ केलं. पार्टी हवी!” “मूळ रेकॉर्डिंग?” तिने विचारलं. “उडवलं.” खोकला ठेव, हे सांगायचं तिच्याकडूनच राहिलं होतं; साफ केलेला आवाज ती आजच पहिल्यांदा ऐकत होती. टाळ्या पडल्या. “मशीनच दगा देतंय,” बाबा पुटपुटले. “तुला आई ऐकू आली ना गं?” “आली, बाबा.”