मागून येणारा

चौथ्या दिवशीही पिवळा रेनकोट मागे होताच.

गणिताच्या बाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या, तसा तोही थांबला आणि उगाचच दरीकडे बघू लागला.

निवृत्तीनंतर अकरा दिवसांची ही डोंगरवाट त्या एकट्याच चालायला निघाल्या होत्या. दोन दिवसांत गुडघे धरून परत येशील, असं यजमान म्हणाले होते. त्यावर बाईंनी अबोला धरला आणि न सांगताच घर सोडलं.

हा माणूस पहिल्या मुक्कामापासून मागावर होता. बोलत नसे, पुढेही जात नसे. बाई उद्या किती वाजता निघणार, असं तो विचारत होता, हे निवाऱ्यावरच्या स्वयंपाकिणीनं त्यांच्या कानावर घातलं. त्या रात्री बाईंनी दाराला खुर्ची लावली.

पाचव्या दिवशी पठारावर धुकं उतरलं, भुरभुर पाऊस लागला. दुपारी फाटा आला. डावी वाट निवाऱ्याकडे जात होती, उजवी कड्यावर. ती पुढे ढासळली होती. खांबावरची बाणाची पाटी सैल होती.

बाईंनी वळून पाहिलं. धुक्यातून पिवळा रेनकोट झपाझप येत होता आणि या खेपेस चक्क हात हलवत होता.

त्यांनी पाटी उजवीकडे फिरवली आणि डावी वाट धरली. मागून एक हाक आल्यासारखं वाटलं. पुढे वाट तुटलेली दिसली की फिरेल माघारी, असं मनाला बजावत त्या चालत राहिल्या.

संध्याकाळी निवाऱ्याचं दार ढकललं, तर शेगडीशी तोच माणूस कपडे वाळवत बसलेला. बाईंचा हात कडीवरच राहिला.

तो अवघडून उठला.

"रागावू नका, बाई. मी इथला वाटाड्या. तुमच्या यजमानांनी फोनवरून गळ घातली होती. लांबूनच लक्ष ठेवा, तिला कळू देऊ नका, म्हणाले."

"पण तुम्ही माझ्या पुढे कसे?"

"आज सकाळी ते स्वतःच येऊन पोचले. माझं काम संपलं, मग मी जवळच्या वाटेनं उतरलो. पावसाचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून माझा रेनकोट दिला त्यांना."

त्यानं बाईंच्या खांद्यावरून उघड्या दाराकडे पाहिलं.

"कुठं मागे राहिले ते?"