रक्ताचा आयडी

“मॅडम, शाळेचं गेट रोज दोघींतल्या एकीलाच आत घेतं. दवाखान्यात लसही एकीलाच मिळाली.” नंदा धुमाळ आपल्या हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या मुलींना घेऊन उभी होती.

तालुका कार्यालयातल्या केतकीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. थेंबभर रक्तातल्या जनुकांवरून तयार झालेल्या युजर आयडींची तालुक्याची यादी तिनेच काढली होती. दोनदा आलेला आयडी एकदाच, एकाच नावाने ठेवायची कमांड संगणकाला देऊन ती निर्धास्त जेवायला गेली होती. अशा जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिने जवळच्या मुलीला विचारलं, “नाव काय गं तुझं?”

मुलीने बहिणीकडे पाहिलं.

“आज मी गार्गी,” ती म्हणाली. “काल ही होती.”