बासष्टपैकी बासष्ट

हजेरीसाठी वर्गात टॅब आला, तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट केली ती गणिताच्या बाईंनीच. "माझी मुलं मला आवाजावरून ओळखू येतात, हे खूळ हवंय कशाला?" पण एकदा सवय लागली आणि बाईंनी हजेरीपट कपाटात टाकला तो टाकलाच. दारात उभं राहून टॅब वर्गावरून फिरवायचा, तो चेहरे ओळखून हजेरी लावायचा, की बाई फळ्याकडे वळायला मोकळ्या.

मधल्या सुट्टीत एक आई आली. "बाई, तीन आठवडे झाले, लेकीचा पाय प्लास्टरमध्ये आहे. रोज विचारते, बाईंचा फोन आला का?"

"अहो, काहीतरीच काय! एक खाडा नाही तिचा. हे बघा, आजही हजर."

"मग माझ्या घरी पलंगावर कोण झोपलंय?"

"थांबा, हे कसं चालतं ते दाखवतेच तुम्हाला," म्हणत बाईंनी टॅब रिकाम्या बाकांवरून फिरवला.

टॅब वाजला. बासष्टपैकी बासष्ट हजर.

बाईंनी मान वर करून पाहिलं. वर्गात चिटपाखरू नव्हतं. समोर, मागच्या भिंतीवर, गेल्याच महिन्यात त्यांनी हौसेने मोठा करून लावलेला वर्गाचा फोटो तेवढा होता. पहिल्याच रांगेत ती मुलगी हसत उभी होती, आणि तिच्या खांद्यावर बाईंचा हात होता.