पाहुणीचा चमचा

परदेशात शेवटची बस चुकली, तेव्हा थांब्यावर भेटलेल्या काकूंनी तिला जेवायला घरी नेलं. घर बर्फासारखं गार होतं, पण पातेल्यातलं सूप वाफाळत होतं. बोलताना तिच्या तोंडूनही वाफ निघत होती. काकूंच्या, घरातल्या आजोबांच्या, काकूंच्या सुनेच्या मात्र नाही. भौतिकशास्त्र शिकलेल्या तिला राहवेना. "तुम्हाला थंडी वाजत नाही?" "आम्हीही पाहुणे होतो तेव्हा वाजायची," आजोबा हसले. "तोंडची वाफ कशाला दवडतेस, पोरी? जेव." भूक तर सडकून लागली होती. तिने दोन वाट्या संपवल्या, आणि थंडी खरंच पळाली. "सकाळच्या पहिल्या बसने निघते. आई डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल," ती म्हणाली. काकूंनी सुनेकडे वळून सांगितलं, "उद्यापासून हिचंही ताट घे." तिने स्टीलचा चमचा ओठांजवळ धरून जोरात श्वास सोडला. चमचा तसाच आरशासारखा लख्ख राहिला.