दाईची करंगळी

"ती बाई परत झाकून टाका," बाईसाहेब म्हणाल्या.

चित्रवाली हातातला कापसाचा बोळा तसाच धरून उभी राहिली. लिलावघरातली जुनी चित्रं साफ करणं हे तिचं काम आणि तळमजल्यावरची ही खोली तिची. उत्तरेची खिडकी, टेबलावर औषधी वासाच्या बाटल्या, आणि गेले तीन आठवडे समोर बाईसाहेबांच्या पणजीचं चित्र. रेशमी झगा, गळ्यात मोत्यांचे सर, मांडीवर बाळ. उजवीकडे नुसता काळोख. पण तो काळोख मूळचा नव्हता, मागाहून कुणीतरी रंग थापला होता. बोळ्याबोळ्यानं तो निघत गेला. आधी एक कोपर दिसलं. मग कान. मग आख्खी दाई, पांढरा एप्रन बांधून बाळावर वाकलेली.

"घराण्याच्या चित्रात नोकरमाणसं नसतात," बाईसाहेब म्हणाल्या. "परवा लिलाव आहे. लोक आमच्या पणजीला बघायला येणार, हिला नाही."

"पण बाळानं हिचं बोट धरलंय."

ते खरं होतं, आणि तेच बाईसाहेबांना झोंबलं होतं. बाळाची ती वळलेली मूठ घराण्यात गाजलेली होती. आजोबा जन्मतःच लगाम धरायला मूठ आवळून आले, असं जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना ऐकवण्यात पिढ्या गेल्या होत्या. आता त्या मुठीत लगाम नव्हता. दाईची करंगळी होती.

लिलावदार दाराला टेकून उभा होता. "मालकीण त्या आहेत," तो चित्रवालीला म्हणाला. मग बाईसाहेबांकडे वळला. "काम मात्र ताईंनी सुरेख केलंय हं." दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात त्याची हयात गेली होती. "खरी पंचाईत वेगळीच आहे. यादीत 'चित्रकार अज्ञात' असं छापावं लागतंय. हात मोठ्या माणसाचा आहे, हे आंधळाही सांगेल. पण सही नाही."

"तीन तज्ज्ञ झाले," बाईसाहेब म्हणाल्या. "चारही कोपरे बघून झाले, पाठ झाली, चौकट काढून झाली. नाही ती नाहीच. आता निदान चित्र तरी घरंदाज दिसू दे. संध्याकाळपर्यंत झाकून द्या."

"नाही झाकणार," चित्रवाली म्हणाली.

तिची आई जन्मभर दुसऱ्यांची मुलं सांभाळत आली होती. त्या घरांत फोटोंचे आल्बमच्या आल्बम भरले. आई त्यात एकदाच आली होती. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत, अगदी कडेला, तिचं नुसतं कोपर. त्याची एक प्रत आईनं मागून आणली होती. "हे माझं," म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि हसायची. लेकीला कधी हसू आलं नव्हतं.

"ताई," लिलावदार आवाज उतरवून म्हणाला, "उद्यापासून येऊ नका, असं मला म्हणावं लागलं तर?"

"तर आजचं काम पुरं करून जाईन. एप्रनचा काठ राहिलाय."

"म्हणजे आता ही पुसणारी बाई आम्हाला आमचं घराणं शिकवणार," बाईसाहेब लिलावदाराला म्हणाल्या.

"शिकवत नाही, लेखी मागतेय. दुसऱ्या कुणाकडून खुशाल झाकून घ्या. पण कुणाच्या सांगण्यावरून झाकलं, तो कागद चित्राच्या पाठीला लागतो. आमच्या धंद्याची रीतच आहे ती. मागच्या खेपेला झाकणाऱ्यानं लावला नाही. लाजला असेल बिचारा."

बाईसाहेब लाजणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कागद मागवला. लिलावदार टेबलाशी बसून लिहू लागला, त्या उभ्यानं मजकूर सांगू लागल्या. 'दाईची आकृती मालकिणीच्या इच्छेनुसार' इथं 'इच्छेनुसार' की 'आज्ञेनुसार' यावर दोघांचा थोडा खल झाला. तेवढ्यात चित्रवाली खाली उकिडवी बसली आणि तिनं एप्रनचा काठ पुसायला घेतला. काळा रंग बोळ्यावर येत होता. तिनं बोळा बदलला. पुन्हा बदलला. मग तिचा हात थांबला.

"काय झालं?" लिलावदारानं विचारलं.

"काही नाही. तुमचं चालू द्या."

बाईसाहेबांनी सही केली. पुरी, किताबासकट, खाली रेघ ओढून. "घ्या. लावा पाठीला. आम्ही कुणाला लाजत नाही."

चित्रवाली उठली. गुडघे कटकन वाजले. तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, शाई वाळली का तेही पाहिलं.

"तुमची सही झाली," ती म्हणाली. "आता त्याचीही बघून घ्या."

लिलावदार भिंग घेऊन दाईच्या पायाशी गुडघे टेकून बसला. एप्रनच्या काठावर, शिवणीचे टाके असावेत तशी बारीक तांबडी अक्षरं होती. त्यानं ती आधी मनात वाचली. मग मोठ्यानं. मग, आपल्याच कानांवर विश्वास नसल्यासारखी, पुन्हा एकदा मोठ्यानं. ते नाव ऐकून बाईसाहेबांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

मग बाईसाहेब बोलल्या. आवाज एकदम घरगुती झाला होता.

"अहो, नाव तेवढं ठेवून बाकीची बाई झाकता येईल का?"

चित्रवालीनं हातातला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नाव तिच्याच अंगावर आहे, बाईसाहेब. तिला झाकलंत, म्हणून तर इतकी वर्षं तो अज्ञात राहिला."