वासराची दोरी

वीजकेंद्रात जाळण्यासाठी तोडलेल्या विलो झाडांच्या ढलप्यांचा ढीग बर्फाने झाकला होता, फक्त माथ्यावर परातीएवढी जागा कोरडी होती आणि तिथून वाफ निघत होती. आतली धग तपासायला म्हातारा एमेट गज घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या सुनेने, लॉर्नाने, त्याच्या कमरेला गोठ्यातली दोरी बांधली. अडलेल्या गायीचं वासरू ओढायची ती दोरी गायी विकून विलो लावल्यापासून खुंटीवरच होती. “मी काय तुझं वासरू आहे?” तो खेकसला. वर बर्फावरून पाय घसरू लागला, म्हणून तो कोरड्या जागेकडे वळला. “बाबा, तिथं नको. आतून जळून पोकळ झालं असेल.” तोवर पाय पडला होता. दोरी तिच्या तळव्यांची सालटी काढत धावली आणि ताठ झाली. वाफेत म्हातारा दिसेनासा झाला. मग आतून कापरा आवाज आला, “पोरी, वासरूच समज मला. पण ओढ.”