हातगुण

"हा पासवर्ड कोणाचा?" वृंदाने स्क्रीनवर बोट ठेवलं. टेलिफोन एक्स्चेंजचं जुनं सॉफ्टवेअर खुल्या प्रणालीवर जाणार होतं. तिथे सगळ्यांचीच ये-जा, म्हणून ती एकेक ओळ तपासत होती. चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी ठेवलेली चोरवाट सापडली: 'शेवग्याच्या शेंगा' टाइप केलं, की कुठलंही एक्स्चेंज दार उघडायचं.

शेजारच्या टेबलावरचे हर्डीकरसाहेब चष्मा पुसत राहिले. कुठेही फोन बंद पडले, की साहेब घरबसल्या दहा मिनिटांत सुरू करत. सगळे त्याला हातगुण म्हणत. निवृत्तीनंतरची मुदतवाढ त्यावरच मिळणार होती.

"साहेब, डब्यात काय?"

"माहीत असून विचारतेस." त्यांनी झाकण उघडलं. रोजचीच शेंगांची आमटी.

"ही ओळ राहिली, तर उद्या चोरही आमटी ओरपेल," वृंदा म्हणाली. "काढली, तर तुमची मुदतवाढ..."

"काढ," साहेब म्हणाले. "त्या ओळीशिवाय मला काय येतं, ते मलाही बघायचंय."